एलचीचा डावा दंड

दरबारच्या वहीत नौबुलाकहून आलेल्या एलचींची, म्हणजे राजदूतांची, यादी आहे. अक्षर मोत्यासारखं, कडेला सोनेरी वेलबुट्टी, आणि मजकूर निम्म्याहून जास्त खोटा. ‘एलची आले, त्यांना इथलं हवापाणी मानवलं नाही, वारले.’ लागोपाठ सहा जणांना हवापाणी मानवलं नाही म्हणे. शोरकल्याची हवा इतकी वाईट असती तर मी ऐंशीच्या घरात येऊन इथे तुमच्यासमोर चहा पीत बसलो नसतो.

वही लिहिणाऱ्यांनी कागद धरला, मी माणसं धरली. आमच्या खानापुढे परका एलची एकटा चालत जात नाही. दोघे जण दोन बाजूंनी त्याचे दंड काखेपाशी धरतात आणि जवळजवळ उचलूनच त्याला गादीपर्यंत नेतात. त्याला सांगायचं, हा मान आहे. खरी गोष्ट अशी की अस्तनीत सुरा असला तर हात हलता कामा नये. डावा दंड आमच्या घराण्याकडे. आजोबांनी धरला, बापाने धरला, मग मी, तुर्दिकुलने. उजवा बेकनियाझकडे. तो रेड्यासारखा माणूस आणि जिभेला हाड नाही. नियम एकच: एलची दरबाराच्या दाराबाहेर पडेपर्यंत दंड सोडायचा नाही. दाराबाहेर न जाता तो खाली पडला, तर पडेपर्यंत.

शोरकला आणि नौबुलाक यांच्यामध्ये आठ दिवसांची लाल वाळू आहे आणि एक कालवा. कालव्याचं तोंड त्यांच्याकडे, शेपूट आमच्याकडे. सगळं भांडण एवढ्याचंच. दोन्हीकडची रीत अशी की त्यांचा एलची इकडे निघाला की त्याच दिवशी आपला तिकडे निघतो आणि दोघे मधल्या विहिरीवर भेटून पुढे जातात. एकाचा जीव दुसऱ्याला तारण. कागदावर फार शहाणपणाची रीत. प्रत्यक्षात एक मेला की दुसरा मरायचा, एवढाच तिचा उपयोग झाला.

पहिला एलची आजोबांनी धरला होता. तो सांगायला आला की दर तिसऱ्या आठवड्यात पाणी बंद राहील. खान म्हणाला, मग तुमच्या वाटणीचं तुम्हीच प्या. त्याला पोत्यात शिवून कालव्यात सोडला. सतराव्या दिवशी आपला माणूस त्यांच्या वेशीला लटकला. नौबुलाकवाले उंटाच्या केसांच्या दोरीने गळा आवळतात, रक्त सांडत नाहीत. आम्ही सुरी वापरतो. आमच्याकडे याचाही अभिमान बाळगणारे आहेत, की बघा, आम्ही निदान समोरून मारतो.

दुसऱ्याला खान बोलत असताना खोकला आला. तिसऱ्याला घोडदौडीच्या मैदानात मानेपर्यंत वाळूत पुरला आणि वरून जत्रेतले साठ स्वार नेले. माझ्या बापाने त्याचा दंड खड्ड्यात माती पडेपर्यंत धरला होता. घरी आला आणि आठ दिवस डाव्या हाताने जेवायला लागला, उजव्याने त्याला घास उचलवेना. चौथा मी धरला. ती माझी पहिली वेळ. तो लठ्ठ होता आणि त्याला इतका घाम यायचा की दंड हातातून निसटत होता. बेकनियाझ माझ्या कानाशी म्हणाला, “हा एलची आहे की लोण्याचं मडकं?” मला हसू आलं. पाच मिनिटांनी जल्लादाने त्याची जीभ कापली, कारण त्याने उत्तर द्यायला मुदत मागितली होती. त्याला जिवंत परत पाठवला. तो वाटेत वारला. हवापाणी, दुसरं काय.

पाचव्या-सहाव्याचं सांगत नाही. पाचव्याची बायको बरोबर आली होती.

दर खेपेला आपलाही एक जण तिकडे दोरीवर गेला. त्यांचे सहा, आमचे सहा. लोक म्हणायचे, तोडीस तोड आहे. ज्यांच्या घरचं कुणी गेलं नव्हतं ते म्हणायचे.

सातव्या खेपेला आपल्याकडून कुणाला पाठवायचं हे खानाने भर दरबारात ठरवलं. माझ्या धाकट्या भावाला, ओरिनबायला. तो कालव्यावर पाटकरी होता, पाण्याची बोली त्याच्याइतकी कुणाला कळत नव्हती, हे खरं. पण खान माझ्याकडे बघत म्हणाला, “तुर्दिकुल, तुझा भाऊ तिकडे असला म्हणजे इकडचा पाहुणा तू जपशील.” सगळे हसले. मीही हसलो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, तसं.

निघायच्या सकाळी आईने ओरिनबायपुढे गरम नान धरली. प्रवासाला जाणारा एक घास तोडतो, उरलेली नान घरात खुंटीला टांगतात, तो येईपर्यंत. ओरिनबायने एवढा मोठा लचका तोडला की आई म्हणाली, “अरे, टांगायला काही ठेवशील की नाही?”

“अया, परत यायला उशीर लागला तर उंदीर खातील. त्यापेक्षा मीच खातो.”

“अभद्र बोलू नकोस,” मी म्हणालो.

“अका, तू तुझ्या पाहुण्याला सांभाळ. म्हातारा आहे म्हणतात. त्याला थंडी वाजू देऊ नकोस, खोकू देऊ नकोस, घामही येऊ देऊ नकोस. बाकी मी बघतो.” मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “या वेळी होईल रे. कालव्यात एक फळी घातली की झालं. सात दिवस त्यांचं पाणी, सात दिवस आपलं. इतकी वर्षं ही साधी फळी कुणाला का सुचली नाही?”

तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मीच त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं. तो निघाला तेव्हा मी वेशीपर्यंत गेलो आणि मनात एकच गोष्ट धरली: इकडे हा म्हातारा जगला पाहिजे.

नौबुलाकचा सातवा एलची अशूर खोजा आठ दिवसांनी आला. दरबाराआधी तीन दिवस एलची पाहुणेघरात राहतो आणि त्याची देखभाल डावा दंड धरणाऱ्याकडे असते. साठी उलटलेला, सडपातळ माणूस. दंड तुतीच्या वाळक्या फांदीसारखा. दाढदुखीने हैराण होता. मी त्याला लवंग दिली, मऊ मांस शिजवून घातलं, खरबुजाच्या फोडी करून दिल्या. तोही फळीचंच बोलत होता. मधल्या विहिरीवर त्याची आणि ओरिनबायची भेट झाली होती.

“तुझ्या भावाने मला वाळूत रेघा काढून कालवा समजावला,” तो म्हणाला. “पोरगा बडबड्या आहे, पण डोकं आहे त्याला. मी माझ्या खानाला चिठ्ठी पाठवली, म्हटलं याचं ऐका.”

मला इतका आनंद झाला की मी त्याचे पाय चेपून दिले.

दुसऱ्या दिवशी मात्र तो काही खाईना. खोदून विचारलं तेव्हा बोलला. आमच्याकडे खानाला भेट द्यायची ती नऊच्या आकड्यात. नऊ झगे, नऊ थैल्या, नऊ घोडे. आठ दिलं तर त्याचा अर्थ उघड आहे: तुझी पत नवापर्यंत पोचत नाही. अशूर खोजाचे नऊ घोडे निघाले होते. एक वाटेत पोट फुगून मेला.

“पत्रात नऊ लिहिलंय,” तो म्हणाला. “खानाची मोहर आहे वर. आता आठ नेऊ?”

“आठ नेलेत तर आमचा खान म्हणेल, नववा तुम्हीच. तोंडात लगाम घालून मैदानात फिरवेल.”

“मला फिरवलं तर चालेल. पण माझ्या खानाचा शब्द खोटा पडेल.”

अशी माणसं असतात. स्वतःच्या मानेपेक्षा धन्याच्या मोहरेची काळजी. मी म्हटलं, “खोजा, तुम्ही दाढ सांभाळा. घोड्याचं मी बघतो.” ही गोष्ट आम्हा दोघांतच राहील असं ठरलं. त्याने माझा हात धरून डोळ्यांना लावला.

मी घोडेबाजारात आन्नामुरादकडे गेलो. तुर्कमेन, घोड्यांचा जुना व्यापारी, सख्ख्या आईला आंधळी घोडी विकेल असा. त्याच्याकडे एक सोनेरी घोडा होता. मान लांब, पाय काचेसारखे. शेपूट वर दुमडून लाल कापडात बांधलेली. भेटीच्या घोड्याची तशीच बांधतात.

“भेटीसाठीच तयार ठेवलाय, तुर्दिकुल अका. जणू तुमचीच वाट बघत होता.”

मी शेपटीवरून हात फिरवला. गाठ जरा जाड लागली, आतून टणक. “ही सोड बघू.”

“बांधलेली शेपूट बाजारात सोडायची? तुमच्या दारात मर्तिक यावं अशी इच्छा आहे का?”

बोलला ते खरं होतं. आमच्यात बांधलेली शेपूट धन्याच्या दारातच सोडतात, रस्त्यात सोडली तर अपशकुन. मला गाठ खटकली होती. पण उद्या दरबार होता, असा घोडा दुसरीकडे मिळाला नसता, आणि मला अपशकुन नको होता. मी घोडा घेतला. आयुष्यात मी एकदाच अपशकुनाला घाबरलो, आणि ते असं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दरबार भरला. आम्ही अशूर खोजाचे दंड धरून त्याला आत आणलं. बेकनियाझ पुटपुटला, “याला धरायला दोघं कशाला, मी एकटा खिशात घालून नेतो.” पत्र वाचून झालं. फळीची गोष्ट निघाली तेव्हा दोन-तीन सरदारांनी माना डोलावल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरायला लागला. मग घोडे अंगणात आणले, आणि रीतीप्रमाणे पागेचा दरोगा एकेकाची शेपूट सोडत गेला. आठ शेपट्या भुरभुर सुटल्या.

नवव्याचं लाल कापड सोडलं आणि केसांचा एक अख्खा झुपका दरोग्याच्या हातातून जमिनीवर पडला. चिकटवलेला होता. मागे उरलं ते वीतभर खुंट.

आमच्यात माणूस मेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापतात. वर्षभर त्या घोड्यावर कुणी बसत नाही आणि वर्षाच्या जेवणाला तो कापून वाढतात. कापल्या शेपटीचा घोडा म्हणजे मेलेल्या माणसाचा घोडा. तो जिवंत माणसाला भेट देणं म्हणजे, तू मेलास आणि मी तुझ्या मयताला आलोय, असं तोंडावर सांगणं. कुणीतरी वर्षाचं जेवण टाळून तो घोडा विकला होता आणि आन्नामुरादने त्याला दुसऱ्याची शेपूट लावली होती.

खानाने विचारलं, “खोजा, हा घोडा कुणाचा?”

माझ्या हाताखालचा दंड एकदम ताठ झाला. अशूर खोजाने मान वळवली नाही, पण त्याचा श्वास माझ्या बाजूला अडकलेला मला जाणवला. तो वाट बघत होता. नववा घोडा माझा, असं मला म्हणायचं होतं. एवढंच वाक्य. डोकं गेलं असतं ते माझं. एलची वाचला असता आणि तिकडे ओरिनबाय वाचला असता. मी ते वाक्य तोंडात तयार केलं. समोर जल्लाद उभा होता, त्याचा सुरीचा हात रिकामाच हलत होता. मी मूग गिळून गप्प बसलो.

“नऊही घोडे माझ्या खानाचे,” अशूर खोजा म्हणाला.

खानाने सगळ्या दरबारावरून नजर फिरवली. “यावर आणखी कुणाला काही सांगायचंय?” त्याची नजर माझ्यापाशी आली, थांबली, पुढे गेली. कुणी बोललं नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा खड्डा आहे, तिथपर्यंत आम्हीच त्याला नेलं. दंड सोडायचा नाही हा नियम. चालताना तो हळूच म्हणाला, “मी आठ म्हणालो असतो तर माझा खान खोटा पडला असता. तुला बोलायला काय झालं होतं, तुर्दिकुल?”

मी त्याला पुढे चालवत राहिलो.

जल्लादाने केस धरायला हात घातला तर पागोटंच हातात आलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर केस नव्हते. बेकनियाझ हसला. मग दाढी धरली. सुरी धारदार नव्हती, दोनदा फिरवावी लागली, मधल्या वेळात तो काहीतरी बोलत होता आणि शब्दांऐवजी फेस येत होता. रक्त माझ्या अस्तनीत शिरून कोपरापर्यंत गेलं. तो वाळका दंड एवढ्या जोराने झटकला की माझं मनगट मुरगळलं. मग तो हलका झाला. धड खाली पडलं तेव्हा आम्ही हात सोडले. पाय मात्र अजून वाळू उकरत होते, आणि मी त्या पायांकडे बघत विचार करत होतो की परवा मी हेच चेपले होते.

त्याच दिवशी वेशी बंद झाल्या. भावाला निरोप धाडायचा तर चिमणीलाही बाहेर जाता येत नव्हतं. खानाने टोळ्यांना हाक घातली: आपला घोर अपमान झाला आहे, आणि आता नौबुलाकवाले आपल्या ओरिनबायचा गळा आवळणार, त्याचा सूड घ्यायला या. वाळू ओलांडून स्वार जमायला लागले. मैदानात चुली पेटल्या. माझा भाऊ अजून मेला नव्हता आणि त्याच्या नावाने मेंढरं कापली जात होती.

मी दिवस मोजत नव्हतो, ते आपोआप मोजले जात होते. आई रोज खुंटीवरच्या नानवरची धूळ झटकायची. मला काही विचारायची नाही. मी घरी जेवत नव्हतो.

सव्विसाव्या दिवशी भर दुपारी वेशीवरचा पहारेकरी धावत माझ्याकडे आला. “तुर्दिकुल, तुझा भाऊ आलाय. जिवंत आहे. एकटाच आहे.”

मला वाटलं तो थट्टा करतोय. मी त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, “अरे सोड, मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, अकाला सांग नान ताजी करायला.” तेव्हा मी रस्त्यात मटकन खाली बसलो आणि रडलो. ऐंशी वर्षांत माझ्या वाट्याला एवढं सुख दुसऱ्यांदा आलं नाही. मी घराकडे धावलो. आईला सांगायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी बेकनियाझ उभा होता.

“घरी नंतर. खानाने बोलावलंय. दंड धरायला.”

“कुणाचा?”

“तुझ्या भावाचा.”

“आपल्या माणसाचा दंड कधीपासून धरायला लागले?”

बेकनियाझ पहिल्यांदाच काही विनोद न करता म्हणाला, “मलाही तेच कळत नाही.”

छोट्या दालनात खान होता आणि चार सरदार. दार आतून लावलेलं. ओरिनबाय काळवंडला होता, ओठ फुटले होते, अंगावर नौबुलाकच्या खानाने दिलेला निळा झगा होता. मला बघून त्याने डोळा मारला. आम्ही दोन बाजूंनी त्याचे दंड धरले. पाटकऱ्याचा दंड, फावड्याने कमावलेला. धरताच तो कुजबुजला, “अका, वाळलास रे.”

“बोल,” खान म्हणाला.

“तक्सीर, नौबुलाकच्या खानाचा निरोप आहे. ते म्हणतात, आमचा एलची तुम्ही मारलात. तुमचा आम्ही मारत नाही. कुणीतरी थांबायला हवं, तर आम्ही थांबतो. कालव्याची फळी त्यांनी घातली, तक्सीर. मी स्वतः उभा राहून बसवली. परवापासून आपल्याकडे पाणी येईल. सात दिवस.”

त्याच्या आवाजात इतका आनंद होता की एका सरदाराने मान खाली घातली. खानाने त्याच्या निळ्या झग्याकडे बघितलं. मग म्हणाला, “बाहेर चौदा हजार स्वार आहेत. ते तुझ्या सुडाला आलेत. त्यांना काय सांगू? आम्ही पाहुण्याला कापला आणि त्यांनी आमच्या माणसाला झगा देऊन परत धाडला? उद्या ते माझं तोंड बघतील का?”

“सांगा की पाणी आलं,” ओरिनबाय म्हणाला. भोळा. पाण्यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं.

“तू नौबुलाकचा निरोप घेऊन आलास,” खान म्हणाला. “म्हणजे तू त्यांचा एलची झालास. म्हणून तुझे दंड धरलेत.” मग दाराकडे बघून म्हणाला, “सुरी नको. त्यांच्या पद्धतीने. दोरी आणा. नंतर मधल्या विहिरीवर नेऊन टाका, स्वारांना तिथे सापडू दे.”

तेव्हा मी बोललो. उशिरा का होईना, बोललो. “तक्सीर, नववा घोडा माझा होता. आन्नामुरादकडून मी आणला. त्या म्हाताऱ्याचा काही दोष नव्हता, त्याच्या खानाचाही नव्हता. मला मारा. याला सोडा, तक्सीर. सगळ्यांना सांगा की चूक तुर्दिकुलची होती, मग लढाईच नको.”

खानाला आश्चर्य वाटलं नाही. “मला माहीत आहे,” तो म्हणाला. “घोडा कुणासाठी घेतलास ते कळल्यावर आन्नामुराद त्याच संध्याकाळी दरोग्याच्या पायांवर येऊन पडला. दरबाराच्या आधीच मला ठाऊक होतं. मी दोनदा विचारलं, आठवतं? दुसऱ्यांदा तुझ्याकडे बघून विचारलं. तू भर दरबारात हे बोलला असतास तर मला त्या म्हाताऱ्याला सोडावं लागलं असतं. मग फळी आली असती, पाणी आलं असतं, आणि मी बसलो असतो सात-सात दिवस मोजत. पण तू बोलणार नाहीस अशी माझी खात्री होती. तुझं घराणं हात धरणारं आहे, तोंड उघडणारं नाही.”

ओरिनबायने माझ्याकडे बघितलं. सगळं ऐकून, सगळं समजून बघितलं. मला वाटलं तो थुंकेल. तो थुंकला असता तर मला आज झोप लागली असती.

दोरी आली. मी दंड सोडायला गेलो तर मागून दोन भाले पाठीला टेकले. ओरिनबायचे गुडघे लटपटायला लागले होते, सगळं वजन आमच्या हातांवर येत होतं.

“अका,” तो म्हणाला, “घट्ट धर. पाय ऐकत नाहीयेत. या लोकांपुढे पडायचं नाही मला.”

मी घट्ट धरला. दोन्ही हातांनी धरला. दोरी आवळायला सुरीपेक्षा फार वेळ लागतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्याच्या घशातून कालव्याच्या तोंडात गाळ अडकल्यावर येतो तसा आवाज येत होता. नखांनी त्याने माझं मनगट फाडलं, ते वण अजून आहेत, बघा. बेकनियाझने डोळे मिटले होते. मी मिटले नाहीत. तेवढं तरी मी त्याला देणं लागत होतो असं मला वाटलं. तो पडला नाही. मेला तेव्हाही आमच्या हातांवर उभाच होता.

मी खानाला म्हटलं, मलाही संपवा. तो म्हणाला, “तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत,” आणि त्याने मला जरीचा झगा दिला. खानाने दिलेला झगा तीन दिवस अंगावरून काढता येत नाही, आणि त्याचं फर्मान पागोट्यात खोचून गावभर फिरावं लागतं, लोकांना वाचता यावं म्हणून. फर्मानात लिहिलं होतं, आपला एलची ओरिनबाय याला नौबुलाकच्या खानाने गळा आवळून मारलं. त्याच्या थोरल्या भावाचा हा सन्मान. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या मी डोक्यावर मिरवत होतो. अनोळखी स्वार घोड्यावरून उतरून माझ्या झग्याची किनार डोळ्यांना लावत होते. वेशीवर ओरिनबायला जिवंत बघितलेले पहारेकरी मला पुन्हा कधी दिसले नाहीत. पाचव्या दिवशी सगळे लढायला गेले, आणि त्यांतले किती परत आले ते आमच्या गल्लीतल्या विधवांना विचारा. वहीत त्या वर्षीचं एकच वाक्य आहे: ‘एलची ओरिनबाय यांना शत्रूने दगा दिला.’

पहिल्या दिवशी झगा घालून मी घरी गेलो तेव्हा आई अंगणात बसली होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. तिने माझं फाटलेलं मनगट हातात घेतलं, त्याला लोणी लावलं, फडकं बांधलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. मग म्हणाली, “तू एवढा दरबारातला माणूस. तुला कळलं असेल. शेवटी काही बोलला का रे तो?”

मी म्हटलं, “मी नव्हतो गं तिथे, अया.”